बंदूक घडवली काडतुसाने

महोदय,

बंदुकांची चर्चा बहुधा नळी आणि नेम यांभोवती फिरते. प्रत्यक्षात त्यांची रचना बदलली ती काडतुसाने. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावरची ठासणीची बंदूक अजून दिसते: तोंडातून दारू ओतायची, चिंधी व छरे गजाने ठासायचे, मग ठिणगी पाडणारी छोटी टोपी म्हणजे केप बसवायची, तोवर रानडुक्कर पसार झालेले असते. १८५७ मध्ये दातांनी फोडायचे कागदी काडतूस गाजले, पण खरा पालट घडवला काडतुसाच्या धातूच्या पुंगळीने, कारण बार उडताच ती फुगून नळीची मागची बाजू घट्ट बंद करते आणि त्यामुळेच मागून भरायची, पुढे स्वयंचलित झालेली रायफल भरवशाची ठरली. जर्मनीने ‘जी-११’ रायफलीत ही पुंगळीच वगळून पाहिली. मात्र बाहेर पडणारी पुंगळी बरीचशी उष्णताही सोबत नेते, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले. अमेरिकेच्या लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमी रायफलीवर अंतर मोजून नेम सुधारणारी दुर्बीण आहे. यापुढचे बदल, माझ्या मते, नळीत कमी आणि दुर्बिणीत अधिक होतील; तिची बॅटरी संपली, की जवानाला तिच्या काचेवर कोरलेल्या साध्या खुणेवरूनच नेम धरावा लागेल.

– एक वाचक, चिपळूण