पोराने बदकाचं तिकीट आणलंय

फार्गो, नॉर्थ डकोटा, १४ जुलै

प्रिय सुन्या,

तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. लिहायचं कारण वेगळं आहे आणि इथे कुणाला सांगून उपयोग नाही.

पोराने परवा पोस्टातून बदकाचं तिकीट आणलं. २५ डॉलर. सोळा पूर्ण झाली की बदकं मारायला ते लागतं, वर शाईने सही करावी लागते. त्याने झोकात केली! मित्राच्या बापाबरोबर सीझनला जाणार म्हणतो. हिने अबोला धरलाय आणि निकाल माझ्यावर सोडलाय.

जूनमध्ये त्याला मीच इथल्या मेडिना गावाकडे घेऊन गेलो होतो. सपाट माळ आणि हिमनद्यांनी मागे ठेवलेले खळगे, जिकडे बघशील तिकडे पाणी. काठावर नुसती सरकारी पाटी, पावती फाडणारा कुणी नाही. थापट्या बदक, तलवार बदक, सगळी आपलीच मंडळी. आपल्या नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पाहुणी असतात, इथे पिल्लं घेऊन फिरतात. तलवार बदक घरटं पाण्यापासून लांब गवतात करतं, म्हणून नुसतं तळं राखून भागत नाही. सरकार शेतकऱ्याला एकरकमी पैसे देऊन कायमचं लिहून घेतं की खळगा बुजवायचा नाही, पाणी काढायचं नाही. जमीन विकली तरी करार सुटत नाही. नाहीतर पाइप गाडून पाणी काढायचं आणि सोयाबीन पेरायचं. या राज्यातले जवळपास निम्मे खळगे असेच गेले.

आता चिडू नकोस. यातला बराच पैसा त्याच तिकिटाचा, १९३४ पासूनचा. म्हणजे शिकाऱ्यांचा. जवळच्या चेस लेकवर पेलिकन मारून मारून पन्नासेक उरले होते. १९०८ साली ते तळं राखीव केलं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने, तो स्वतः पट्टीचा शिकारी. पोरगं हे सगळं मला तोंडपाठ ऐकवतं.

नांदूरजवळ चापडगावला तू त्या पक्षी धरणाऱ्या फासेवाल्याची सायकल पाण्यात लोटलीस, आठवतं? मी आजही म्हणतो, लोटायला नको होती. तो पोटासाठी धरायचा. इथे हौसेने मारतात आणि तळीही वाचवतात. यांची सायकल लोटशील का तू? पिकअप असतो, जड जाईल.

मधला मार्ग म्हणून मीही तिकीट घेतलं, बंदुकीशिवाय. पोरगं म्हणालं, "पैसे तेच, तळं तेच, मग फरक काय?" फरक आहे, पण त्याला सांगताना जीभ अडते. कारण खरं सलतंय ते निराळंच. इथे जातीजातीला मारण्याची मर्यादा वेगळी, त्यामुळे उडतं बदक आधी ओळखावं लागतं. दुर्बीण हातात देऊन ते ओळखायला त्याला मी शिकवलं. पंखावरचा हिरवा पट्टा, शेपटीचं टोक, सगळं. त्याची नजर आता माझ्यापेक्षा तयार आहे रे.

नाही म्हणावं, तर दोन वर्षांनी तो विचारणारही नाही. हो म्हणावं, तर हिचं काय करू?

वहिनी बऱ्या आहेत ना? बाग कशी आहे यंदा? धाकटीच्या अॅडमिशनचं कळव.

याचं उत्तर मात्र लिहू नकोस, पत्रात तू भाषण देतोस. फोन कर. सीझन सप्टेंबरअखेर उघडतो, त्याच्या आत.

तुझा,
बाळ्या