विषय: नवीन रिब स्प्रेडर भर ऑपरेशनमध्ये मागे सरकतो, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर आणि ज्याने हे डिझाइन पास केलं तो साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा सहावा फोन ठेवला. क्लेम बंद केला म्हणे, कारण इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये "फॉल्ट सापडला नाही" असं आहे, आणि मी "जास्त जोर लावला असेल". बरगड्या फाकवायचं हत्यार आहे ना ते, मग जोर लावणार नाही तर काय करणार?

तुमचं ते "वाइड एक्स्पोजर" मॉडेल पहिल्यांदा वापरलं टीबीनंतरच्या जुन्या एम्पायमाच्या, म्हणजे फुफ्फुसाभोवती पू साचलेल्या, केसला. अशा पेशंटच्या बरगड्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मधे बोट जात नाही, आणि तुमचं ब्लेड एवढं रुंद आणि जाड की ते आत बसवतानाच घाम फुटला. तरी घाई केली नाही, दोन फेरे फिरवायचे, थांबायचं, परत दोन फेरे, कारण भसकन उघडलं की बरगडी मोडते हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. फुफ्फुसावरची जाड साल निम्मी सोलून झाली होती आणि कट्ट असा आवाज आला, स्प्रेडरचा हात एक दात मागे. परत उघडला, परत कट्ट. तिसऱ्या वेळेनंतर असिस्टंटला हँडल हाताने धरून उभं केलं. अहो, माणसानेच धरून उभं राहायचं तर सेल्फ रिटेनिंगचे, म्हणजे उघडलेलं आपोआप धरून ठेवण्याचे, पैसे कशाचे घेतले? जुना सेट ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून ठेवलेला होता म्हणून निभावलं, पेशंट बरा होऊन घरी गेला, त्यात तुमचं काही श्रेय नाही.

आता तुमच्या इंजिनिअरचं ऐका. पुण्याहून आला, माझ्या केबिनमध्ये बसला, चहा मागवला, आणि चहाच्या कपाशेजारी तो स्प्रेडर ठेवून हवेत दहा वेळा उघडला मिटला. "चालतोय की सर, एकदम स्मूथ." मी म्हटलं, बाबा, हवेत बरगड्या नसतात, लोड देऊन बघ. तो म्हणाला लोड कुठून आणू. मग मीच वॉश बेसिनवरचा टॉवेल, आपला सोलापुरी, चांगला जाड, घट्ट पिळून दोन्ही ब्लेडभोवती गाठ मारून बांधला आणि म्हटलं आता फिरव. चौथ्या फेऱ्याला कट्ट. त्याच्या हातात, त्याच्या डोळ्यांसमोर! त्याने टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणाला माहितीय? "सर, टॉवेलवर टेस्ट करणं कंपनीच्या प्रोसिजरमध्ये नाही." आणि समोर बसून रिपोर्टवर लिहिलं, फॉल्ट सापडला नाही. चहा मात्र पूर्ण प्यायला.

फॉल्ट काय आहे ते फुकटात सांगतो. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या बॉयचा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचा फिटर आहे, त्याने पिनियन, म्हणजे हँडलने पट्टीवर फिरतं ते दातेरी चाक, खिडकीशी धरून मिनिटभर बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, दात मऊ राहिलेत, बघा कडा कशा दबून चकाकायला लागल्या." चार ऑपरेशनमध्ये ही अवस्था. लूमवाल्याला दिसतं ते तुमच्या क्वालिटीवाल्यांना दिसत नाही.

दुसरं, वरच्या ब्लेडची कड. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाने नस, म्हणजे नर्व्ह, जाते, तुमची ती धारदार कड तासन् तास तिच्यावरच दाबून बसते. टाके सुकले तरी पेशंट महिनोन् महिने "बरगडीत झणझणतंय" म्हणत येतो तो माझ्याकडे, तुमच्याकडे नाही. कड गोल करा, अरुंद आणि कमी खोलीची ब्लेडं सोबत द्या, बदलता येणारी. एक्स्पोजर म्हणजे नुसतं किती इंच उघडलं ते नाही हो, उघडलेलं तिथंच टिकलं पाहिजे. अर्जेंटिनाच्या सर्जन फिनोचिएत्तोने १९३६ साली दातेरी पट्टी आणि हँडल लावून टप्प्याटप्प्याने उघडणारा रिब स्प्रेडर काढला, म्हणजे नव्वदएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि तुमचा एक दातसुद्धा धरून राहत नाही. परत सांगतो, लोडवर मागे सरकतो. हवेत नाही. लोडवर.

वाईट एवढ्याचंच वाटतं की माझा तो जुना सेट पण तुमचाच आहे, बारा वर्षं झाली, अजून ढिम्म हलत नाही. तेव्हा तुमच्याकडे स्टील कळणारी माणसं होती बहुतेक.

आठ दिवसांत बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. नाहीतर गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे सदोष वैद्यकीय उपकरणाच्या तक्रारीचा, रिपोर्ट पाठवणार, फॉर्म भरून तयार आहे, आणि लातूर, विजयपूर, कलबुर्गीच्या सर्जन मित्रांच्या ग्रुपवर टॉवेलचा व्हिडिओ टाकणार. हो, तो टेस्टचा व्हिडिओ सिस्टरने काढलाय, तुमच्या माणसाचा चेहरा आणि चहाचा कप दोन्ही दिसतात.

पिनियन पाठवणार नाही, माझ्याकडेच राहील. बघायचं असेल तर माणूस पाठवा, या वेळी चहा पिऊन या म्हणावं. गुरुवारी परत एम्पायमाची केस आहे, जुनाच वापरणार आहे.

एक चेस्ट सर्जन,
सोलापूर