अमेरिकन भाडेकरू, आमची आई आणि एक कन्नड नोटीस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होणार आहे, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटचं तेवढं ठेवा.

मी बेळगावच्या टिळकवाडीत राहतो. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जन्म लेथवर घालवला, आता रिटायर. वरचा मजला रिकामा होता तो जून २०२३ ला एका कारखान्याने त्यांच्या अमेरिकन इंजिनीअरसाठी भाड्याने घेतला, नवरा बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मशिनरी बसवायची, इथल्या पोरांना शिकवायची नी परत जायचं असं ठरवूनच आलेले, दोन शाळेची वर्षं काढली नी एप्रिल २०२५ ला गेले. आता त्याच कारखान्याचं दुसरं कुटुंब पुढच्या महिन्यात येणार असा फोन आलाय, म्हणून मनात साठलेलं लिहायला बसलो.

पहिली परीक्षा माझीच झाली. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत घरमालकाने त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म सी भरायचा असा तेव्हा नियम होता, हे मला कुठं माहिती, मी आपला स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून निवांत बसलेला. रात्री अकरा वाजता त्यांचे पासपोर्ट, व्हिसा नंबर बघत बघत माझ्या मुलाच्या मदतीने भरला. त्यांना स्वतःला वेगळं, १८० दिवसांच्या वर राहणार असतील तर १४ दिवसांत रजिस्ट्रेशन. साहेबाला कामाचा व्हिसा, बायकोला नुसता सोबत राहायचा, म्हणजे ती तिकडे नर्स होती तरी इथं पगाराचं काम करू शकत नाही. तिला हे सगळ्यात जास्त लागलं असावं, कारण पहिले दोन महिने ती दिवसभर गॅलरीत उभी दिसायची.

गल्लीने मात्र प्रेम एवढं केलं की विचारू नका. पहिल्या पंधरवड्यात कुंद्याचे डबेच डबे. मांडे आले, चकल्या आल्या, सेल्फी तर रोजच, शेजारच्या गल्लीतली पोरं पण यायला लागली. पण कचऱ्याची गाडी किती वाजता येते नी ओला सुका वेगळा द्यायचा हे त्यांना कुणी सांगितलं नाही, मी पण नाही. आठ दिवस कचरा पिशव्यांत भरून बाथरूममध्ये ठेवलेला, बाईला वाटलं महिन्याने एकदा नेत असतील! आपलं असंच आहे, पाहुण्याला गोड खाऊ घालायचं नी कामाचं सांगायचं विसरायचं. शिवाय रिक्षावाल्यांनी दुप्पट घेतलं ते वेगळं, आणि साहेबाकडे सुरुवातीला यूपीआय नाही, भाजीवाल्या मावशीकडे क्यूआर कोड नी हा अमेरिकेचा माणूस पाचशेची नोट घेऊन सुट्ट्यासाठी उभा, हे बघून मला हसू पण आलं नी वाईट पण वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरून फट् असा आवाज. धावत गेलो तर स्वयंपाकघरात जळका वास, कॉफीचं मशीन काळं पडलेलं नी पोरगा टाळ्या वाजवतोय. त्यांनी विमानतळावर पिन बदलायचा अडॅप्टर घेतलेला, त्यांना वाटलं झालं काम. अहो तिकडे घरात १२० व्होल्ट नी ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० नी ५०, पिन बदलून व्होल्टेज थोडंच बदलतंय. मग मी नी साहेब दोघं जमिनीवर बसून एकेक वस्तू उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत बसलो. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं, तो इकडे. केसांचा ड्रायर नुसता १२०, तो तिकडे. मिक्सर तिकडे. तिकडच्या ढिगात जे पडलं ते सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात गेलं नी दोन वर्षं माळ्यावर राहिलं. त्या दिवसापासून आमची दोस्ती, लेथवाल्याला नी इंजिनीअरला बोलायला भाषा लागत नाही, अर्धं इंग्लिश नी अर्धं बोटांनी.

जुलैचा पाऊस लागला. कपडे वाळेनात. तिकडे मशीनमध्ये वाळवतात म्हणे, बाईने विचारलं ड्रायर कुठं आहे, आईने जिन्यात दोरी बांधून दाखवली, हा बघ ड्रायर. माझी आई ब्याऐंशी वर्षांची, इंग्लिश शून्य. पण ह्या दोघींचं जे जमलं ते कुणाचं जमलं नाही. पोरं तिला आज्जी म्हणायला लागली, आणि आज्जी हा शब्द मराठीत पण चालतो नी कन्नडमध्ये पण, त्यामुळे पोरांना वाटलं की बेळगावात एकच भाषा आहे नी ती आपल्याला यायला लागली. शाळेत मॅडमनी कन्नड सुरू केल्यावर पोरगी रडत आली, खाली बोलतात ती वेगळी का? शाळेतच आणखी एक गंमत, मुलाची जन्मतारीख त्यांच्या कागदावर महिना आधी लिहिलेली, मार्चची सात म्हणून ०३/०७, इथं क्लार्कने तीन जुलै करून टाकली. ते दुरुस्त करायला चार महिने नी तीन ॲफिडेव्हिट लागली.

मग आला १ नोव्हेंबर. शाळेला सुट्टी, एकीकडे लाल पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपली माणसं दंडाला काळ्या फिती बांधून. पोरीने वरून दोन्ही बघितलं नी खाली येऊन विचारलं, आज आनंदाचा दिवस आहे का दुःखाचा? मी १९५६ पासून सांगायला सुरुवात केली, राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलेला महाराष्ट्राचा दावा. ती अर्ध्यातच कंटाळली. पण बाप ऐकत बसला. तो कान्सास सिटीचा. मला वाटायचं कान्सास सिटी म्हणजे कान्सासमध्ये असणार, तर नाही, मोठी कान्सास सिटी मिसुरीत आहे आणि त्याच नावाची दुसरी रस्त्यापलीकडे कान्सासमध्ये. मधून स्टेट लाइन रोड जातो, रस्त्याच्या ह्या बाजूचं घर एका राज्यात, त्या बाजूचं दुसऱ्या. टॅक्स वेगळे, नंबर प्लेट वेगळ्या. मी म्हटलं मग तुम्हाला आमचं दुखणं कळत असेल. तो म्हणाला, १८५० च्या दशकात गुलामगिरीवरून त्या सीमेवर रक्त सांडलेलं, गावं जाळली, पण आता रस्ता ओलांडून गेलं तरी पोस्टमन इंग्लिशच बोलतो, वीजबिल इंग्लिशच येतं. एवढं बोलून गप्प बसला. त्याने काही टोमणा मारला नव्हता. मलाच तो वीजबिलाचा शब्द डोक्यात राहिला.

(एक सांगायचं राहिलं, २०२४ च्या नोव्हेंबरात ह्या नवरा बायकोने बेळगावात बसून अमेरिकेच्या निवडणुकीत मत दिलं, कागद भरून पोस्टाने पाठवला. आणि टॅक्सचा रिटर्न पण दरवर्षी तिकडे भरायचाच, पगार कुठल्या पण देशात मिळो. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला, त्याला मत द्यायचं तर रात्रीची बस पकडून यावं लागतं.)

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. २०२४ च्या उन्हाळ्यात दारात एक नोटीस टाकून गेले. कन्नडमध्ये, दोन्ही बाजू भरून. मला कन्नड बोलता येतं, बसचा बोर्ड वाचता येतो, दुकानाचं नाव लागतं, पण कचेरीची कन्नड म्हणजे वकिलाने लिहिल्यासारखी. वाटलं घरपट्टीची आठवण असेल, भरलीय आपण, टीव्हीखाली सरकवली. माझा मुलगा हुबळीला गेलेला. आई दुपारी ती नोटीस हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होती, कशासाठी कोण जाणे, तिला तर एक अक्षर लागत नाही. वरून बाई वाटी परत द्यायला आली. तिने बघितलं, मोबाइल काढला, कॅमेरा त्या कागदावर धरला नी स्क्रीनवर इंग्लिश उमटलं. वाकडंतिकडं, पण उमटलं. मग तिने आईला हातवारे करून सांगितलं, नळाकडे बोट, मग चार बोटं, मग हात हलवून नाही नाही. पाइपलाइनचं काम निघालेलं, चार दिवस पाणी बंद!

आईने काय केलं असेल, वरचे खालचे सगळे ड्रम, घागरी, मुलांचा टब, कुकरसुद्धा भरून ठेवले. तिसऱ्या दिवशी गल्लीत टँकरवरून भांडणं नी आमच्याकडे शेजारी बादल्या घेऊन. प्रत्येकाच्या घरी ती नोटीस आलेली होती, प्रत्येकाने रद्दीत टाकलेली.

म्हणजे बघा साहेब, बेळगावात चार पिढ्या काढलेल्या माझ्या आईला तिच्या स्वतःच्या नळाला पाणी येणार नाही हे कान्सास सिटीच्या बाईकडून कळलं. दोघी एकाच कागदासमोर सारख्याच अडाणी, फरक एवढाच की एकीकडे बरा मोबाइल होता नी ती दोन वर्षांत परत जाणार होती.

कन्नडला माझा विरोध नाही. माझी सून धारवाडची, नातू दोन्ही फाडफाड बोलतो. शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीला नाही, त्याची पण तक्रार आज करत नाही. पण भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे नोटिसा त्यांच्या भाषेत पण द्यायच्या हा नियम काही आम्ही घरात बसून केलेला नाही. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, फोटो छापून येतात, तुम्हीच छापता. माझी मागणी एवढी मोठी पण नाही. पाणी, वीज, कचरा, घरपट्टी, एवढ्या चार गोष्टींच्या नोटिशीवर खाली मराठीत नी इंग्लिशमध्ये दोन दोन ओळी टाका. तारीख, किती दिवस, कुठं फोन करायचा. कागद तोच, शाई थोडी जास्त.

नवीन कुटुंब येईपर्यंत मी माझ्यापुरतं केलंय. पुठ्ठ्यावर मार्करने इंग्लिशमध्ये लिहून वरच्या दाराआड लावलंय, पाण्याचा दिवस, कचऱ्याची वेळ, २३० व्होल्ट, रिक्षाचं साधारण भाडं, तारीख आधी महिना नंतर. आई म्हणाली हेच मराठीत लिहून खाली पण लाव की रे, मला कुठं लक्षात राहतंय. लावलं. परवा शेजारच्या काकू येऊन त्याचा फोटो काढून घेऊन गेल्या.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव