हीलीला पळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिरो द इटालिया 28 मे रोजी रोममध्ये संपली. तिच्याबद्दल आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर मी दोनदा वाचला. तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीला मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली, याबद्दल आधी मनापासून आभार. पण त्यात बेन हीली या 22 वर्षांच्या आयरिश सायकलपटूविषयी 'आयर्लंडला दुसरा स्टीफन रोश मिळाला' असं वाक्य होतं. ते मला खटकलं, म्हणून हे पत्र.

रोशने 1987 या एका वर्षात जिरो, टूर द फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद अशी तिन्ही जिंकली. त्याच्याआधी हे फक्त एडी मर्क्सला जमलं होतं, रोशनंतर 2023 पर्यंत पुरुषांमध्ये कुणालाच जमलं नव्हतं. पहिलीच तीन आठवड्यांची शर्यत पूर्ण केलेल्या पोराच्या खांद्यावर एवढं मोठं नाव कशाला ठेवायचं? आणि मुख्य म्हणजे, हीली त्या जातीचा सायकलपटूच नाही.

13 मेचा आठवा टप्पा मी भाच्याबरोबर मोबाईलवर पाहिला. तेर्नी ते फोसोम्ब्रोने, 207 किलोमीटर. पुढे निघून गेलेल्या गटात तेरा जण होते आणि त्यात हीली. शेवट पन्नासेक किलोमीटरवर असताना इ कापुचिनीचा चढ लागला. लांबीला तीन किलोमीटरही नाही, पण मध्येच 19 टक्क्यांपर्यंत उभा होत जातो. तिथे हीली सुटला आणि त्याच्या मागे कुणालाच जाता आलं नाही. अंग हँडलवर मोडून टाकलेलं, कोपरं आत ओढलेली, मान एका बाजूला कललेली. दिसायला अजिबात देखणं नाही. भाचा म्हणाला, "मामा, हा दमलाय." मी म्हटलं, त्याच्या पायांकडे बघ. पायांची लय चढावर तीच, पुढच्या सपाटीवर तीच, दुसऱ्यांदा कापुचिनी चढतानाही जवळपास तीच. मागे एकूण विजेतेपदाच्या दावेदारांपैकी रोग्लिच हा एव्हेनपूलला झुगारून निघाला होता आणि अर्धं लक्ष तिकडेच जात होतं. हीली मात्र एकटा आला. दुसरा आलेला कॅनडाचा डेरेक जी पावणेदोन मिनिटांहून जास्त मागे होता.

हा नशिबाचा टप्पा नव्हता. एप्रिलमध्ये एका दिवसाच्या शर्यतींत हाच मुलगा ब्राबांत्से पेलमध्ये दुसरा, मग अॅम्स्टेल गोल्ड रेसमध्ये फक्त पोगाचारच्या मागे दुसरा आणि त्यानंतर लिएज-बास्टोन-लिएजमध्ये चौथा आला होता. त्याआधी मार्चमध्ये इटलीत दोन विजय. 2019 मध्ये, वयाच्या 18व्या वर्षी, तरुण सायकलपटूंच्या टूर द लाव्हनीर शर्यतीचा टप्पा आणि 2021 मध्ये 23 वर्षांखालच्यांच्या जिरोचा टप्पा. या सगळ्यात एकच धागा दिसतो: लांबून निघायचं, लहान पण खड्या चढावर इतरांना तोडायचं आणि मग टाइम ट्रायलसारखं, म्हणजे एकट्याने घड्याळाशी झुंजावं तसं, डोकं खाली घालून शेवटपर्यंत ओढायचं.

आता हाच मुलगा एकूण क्रमवारीसाठी, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या वेळेच्या बेरजेवर ठरणाऱ्या क्रमांकासाठी, लढायला लागला तर काय होईल, ते सांगतो, कारण आपल्या मजकुरात हे आलं नव्हतं. मुख्य घोळका एखाद्याला पुढे जाऊ देतो, कारण त्याच्या जाण्याने मोठ्या संघांच्या नेत्यांना धोका नसतो. तो क्रमवारीत अर्धा तास मागे असेल तर त्याला पाच मिनिटं दिली तरी कुणाचं काही बिघडत नाही. तोच माणूस दोन मिनिटांवर असेल तर त्याने पाय हलवला की चार संघ त्याच्या चाकाला चिकटतात. म्हणजे क्रमवारीत वर चढण्याची किंमत हीलीला त्याच्या हातातल्या एकमेव मोठ्या हत्याराने मोजावी लागेल. शिवाय 21 दिवस एकही वाईट दिवस येऊ द्यायचा नाही, आल्प्समधले लांबच लांब घाट रोज मोजून चढायचे, घोळक्यात लपून ताकद वाचवायची. ती वेगळी कला आहे. बर्गामोच्या पंधराव्या टप्प्यात तो पुन्हा पुढे होता, पुन्हा पुन्हा हल्ले करत होता आणि शेवटच्या वेगात ब्रँडन मॅकनल्टीकडून हरला. ताकद राखून ठेवणाऱ्याने असा टप्पा खेळलाच नसता. मला तो तसाच आवडतो.

उदाहरणच द्यायचं तर डॅन मार्टिनचं द्या. तोही इंग्लंडात, बर्मिंगहॅमला जन्मलेला, हीलीचं किंग्जविनफर्ड तिथून जवळच. मार्टिन आईकडून आयरिश, हीली आजी-आजोबांकडून. मार्टिनने 2013 मध्ये लिएज आणि 2014 मध्ये लोम्बार्दिया या एका दिवसाच्या शर्यती जिंकल्या, टूरचे टप्पे जिंकले, 2021 मध्ये जिरोतही टप्पा घेतला. आज लोकांना या विजयांचे चढ आठवतात. 2020 च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तो एकूण क्रमवारीत चौथा होता, हे आठवायला मात्र जरा थांबावं लागतं.

आणि याच जिरोतला दुसरा आयरिश सायकलपटू आपल्या मजकुरात एका ओळीतच आटोपला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. कॉर्कचा एडी डनबार एकूण क्रमवारीत सातवा आला. त्याची पहिली जिरो 2019 ची, वय तेव्हा 22, म्हणजे आज हीलीचं आहे तेवढंच. त्याच्या संघाचा नेता एगान बेर्नालचं कॉलरबोन मोडलं म्हणून त्याला ऐनवेळी जागा मिळाली होती. एका टप्प्यात तिसरा आणि एकूण 22वा आला, तेव्हाही भविष्याबद्दल असंच भरभरून बोललं गेलं. पुढे काय झालं? संघ एवढा बलाढ्य की नेत्यांचीच रांग लागलेली. दुसरी तीन आठवड्यांची शर्यत मिळायला त्याला चार वर्षं आणि नवा संघ लागला. तीन आठवडे टिकणारा हा आयरिश मुलगा नव्या संघाने नेता म्हणून उतरवताच पहिल्या दहांत आला. तेव्हा पहिल्या शर्यतीनंतर 'हा पुढे काय करील' असं विचारताना 'याला कोण, कुठे आणि कशासाठी उतरवणार' हेही विचारायला हवं. हीलीच्या ईएफ संघाने त्याला या जिरोत मोकळं सोडलं. ते त्यांनी पुढेही करावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मी तरुणपणी दोनदा मुंबई-पुणे शर्यतीत उतरलो होतो, नंबर लागण्याइतका चांगला कधीच नव्हतो. पण आमच्या गटातला एक मुलगा फार चांगला होता, सपाटीवर त्याला कुणी धरू शकत नसे. एका वर्षी तो बोरघाटात बऱ्यापैकी पुढे राहिला आणि गावाने त्याला 'घाटाचा राजा' करायचं ठरवलं. प्रशिक्षकांनी वजन उतरवायला लावलं, रोज चढच चढ. दुसऱ्या वर्षी खंडाळ्याला पोचेपर्यंत त्याच्या पायात गोळे आले. सपाटीवरचा वेगही गेला होता. त्यानंतर त्याची सायकल मी त्याच्या घराच्या पडवीत, भिंतीला टेकवलेली आणि चाकातली हवा गेलेली पाहिली. त्याला कुणी वाईट हेतूने काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना त्याचं भलंच हवं होतं.

म्हणून विनंती अशी, की 6 ऑगस्टला ग्लासगोत जागतिक अजिंक्यपदाची रोड रेस आहे. तो एका दिवसाचा मामला आहे, हीलीच्या स्वभावाला जवळचा. आयर्लंडच्या संघातून तो उतरला तर त्याचा क्रमांक जरूर छापा. पण तो घोळक्यातून कुठे सुटला, तेव्हा किती किलोमीटर उरले होते आणि त्याच्या मागे जायचा प्रयत्न कुणी केला, हेही दोन ओळींत छापा. भाच्याने आतापासूनच विचारून ठेवलंय.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक
जून 2023