बोधचिन्ह बदलण्याआधी शिक्का मारून पाहावा

संपादक महोदय,

आमच्या तालुक्याच्या गावातील एका सहकारी बँकेने (नाव मुद्दाम लिहीत नाही) दोन महिन्यांपूर्वी आपले बोधचिन्ह बदलले. ज्वारीचे कणीस आणि त्याभोवती दात्यांचे चाक हे जुने चिन्ह गेले आणि त्याजागी निळ्यातून हिरव्यात विरत जाणारे दोन वळसे आले. पाटी बदलली त्याच आठवड्यात मी बँकेत गेलो, तेव्हा पायरीशी एक आजी हातातले पासबुक आणि वरची पाटी आळीपाळीने पाहत उभ्या होत्या. ‘बँक इथनं हलली व्हय?’ असे त्यांनी रखवालदाराला विचारले. ‘न्हाई आजी, बँक तीच हाय, पाटी नवी हाय,’ असे त्याने समजावले, तरी पासबुकावरच्या कणसावर बोट ठेवून ‘मग ह्ये कुठं गेलं?’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच. ते कणीस १९९१ साली पत्र्यावर मीच रंगवले होते, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही छत्तीस वर्षे पाट्या रंगवून संसार केलेल्या माणसाला आजींचा प्रश्न कानाआड करता येत नाही, म्हणून हे पत्र.

बोधचिन्ह बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. स्टेट बँकेचेच उदाहरण घ्या. १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पुढे १९७१ पर्यंत वटवृक्ष हे तिचे चिन्ह होते. १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी आखलेले चिन्ह आले. निळी तबकडी, मध्यभागी पांढरा गोल आणि त्यातून सरळ खाली उतरणारी पांढरी पट्टी, एवढेच. कोणाला त्यात कुलपाचे किल्ली घालायचे भोक दिसते, तर कोणी हा आकार अहमदाबादच्या कांकरिया तलावावरून घेतल्याची कथा सांगतो. मला स्वतःला त्यात खिळा आणि सुतळी दिसते, कारण ते भिंतीवर काढायला तेवढेच साहित्य लागते. मधोमध खिळा ठोकायचा, सुतळीला खडू बांधून मोठे वर्तुळ फिरवायचे, तीच सुतळी आखूड धरून लहान वर्तुळ फिरवायचे आणि मग ओळंबा सोडून पट्टीच्या दोन कडा आखायच्या. निळे इनॅमल भरताना त्या कडेशी हात थरथरला नाही, की काम झाले. शटरच्या पत्र्याला दर चार बोटांवर वळी असते, तिथेही हे चिन्ह रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. त्याच शटरवर पारंब्यांसकट वटवृक्ष काढायला कोणी सांगितले असते, तर मी आधी आगाऊ रक्कम मागितली असती.

याच बँकेने २०१७ मध्ये केलेला बदल मला त्याहून शहाणपणाचा वाटतो. त्या वर्षी १ एप्रिलला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या, म्हणजे ओळख नव्याने मांडायला खरेखुरे कारण होते. सहयोगी बँकांच्या पाट्यांवरही हीच तबकडी होती, त्यामुळे नेमके काय सांभाळायचे आहे, याविषयी शंका उरली नव्हती. तबकडी, गोल आणि पट्टी यांना कोणी हात लावला नाही. निळ्याची छटा उजळली, मागची भूमी गडद निळी झाली आणि लांबलचक नावाच्या जागी ‘एसबीआय’ ही ठसठशीत अक्षरे शेजारी बसली. (आमच्याकडे लोक अजूनही ‘स्टेट बँक’च म्हणतात, तो भाग वेगळा.) वीस हजारांहून अधिक शाखा असलेल्या बँकेचे रूप पालटले, पण पाटीखाली उभे राहून ‘बँक हलली का’ असे विचारणारा माणूस मला भेटला नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. गॅप या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये गडद निळ्या चौकोनातील उंच, सडपातळ पांढरी अक्षरे काढून टाकली आणि साध्या काळ्या अक्षरांच्या कोपऱ्यावर एक छोटा निळा चौकोन चिकटवला. ग्राहकांनी इतका गदारोळ केला, की जेमतेम आठवड्याभरात जुने चिन्ह परत आणावे लागले. नवे चिन्ह कुरूप होते, असे मला वाटत नाही. पण दुकान तेच, कपडे तेच, मालकही तेच असताना चिन्ह तेवढे का बदलले, हे गिऱ्हाइकाला कळले नाही. शिवाय वर्षानुवर्षे पिशव्यांवर आणि कपड्यांच्या आतल्या चिठ्ठीवर पाहिलेला तो निळा चौकोनच अंग चोरून कोपऱ्यात गेला. लोकांच्या डोळ्यांत जे रुजले होते, त्यालाच कात्री लागली.

लोक ओरडले म्हणजे बदल चुकलाच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एअरटेलने जुनी अक्षरे टाकून लाल रंगातले वळणदार चिन्ह आणले, तेव्हाही नावे ठेवणारे पुष्कळ होते आणि त्यांत मीही होतो. परंतु कंपनीने काही महिन्यांपूर्वीच आफ्रिकेतील पंधरा देशांमधला झेन कंपनीचा मोबाइल व्यवसाय विकत घेतला होता आणि तिथल्या ग्राहकालाही आपलीशी वाटेल अशी एकच खूण तिला हवी होती. लाल रंग कायम राहिला, नावही कायम राहिले. आज गावोगावच्या रिचार्जच्या टपऱ्यांवर ते चिन्ह इतके मुरले आहे, की आधीचे कसे होते ते आठवायला मलाही डोळे मिटावे लागतात.

गोदरेजने २००८ मध्ये तीन रंग घेतले, पण कपाटाच्या दारावर आपण लहानपणापासून पाहत आलो ते सहीसारखे वळणदार अक्षर तसेच ठेवले. ॲपलच्या सफरचंदावरचे १९७७ चे रंगीत पट्टे १९९८ च्या सुमारास गेले, तरी चावा घेतलेली आकृती तीच राहिली. काही चिन्हे मात्र मालकाबरोबरच जातात. सिंडिकेट बँकेचा कुत्रा २०२० मध्ये कॅनरा बँकेतील विलीनीकरणानंतर दिसेनासा झाला. त्याची मला अजून हळहळ वाटते, कारण बँकेच्या पाटीवर इमानी कुत्रा काढायची कल्पना ज्याला सुचली, त्याला आपला खातेदार चांगला माहीत असला पाहिजे.

आता आमच्या बँकेकडे येतो. मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या जागेत कणसाचे दाणे आणि चाकाचे दाते एकमेकांत मिसळून जातात, ही संचालक मंडळाची अडचण खरी आहे. चिन्ह सोपे करायला हवेच होते. दाणे कमी करता आले असते, चाक काढून टाकता आले असते, नुसते एक ठळक कणीसही पुरले असते. त्याऐवजी जे आले, त्याची सारी मदार एका रंगातून दुसऱ्या रंगात विरत जाण्यावर आहे आणि ती गंमत पडद्यावर आणि फ्लेक्सवरच टिकते. गेल्या आठवड्यात मला मिळालेल्या भरणा पावतीवर नवा रबरी शिक्का होता. शाईत दोन्ही वळसे एकजीव होऊन कागदावर जांभळा बटाटा उमटला होता. खिडकीतील कर्मचाऱ्याने तो पाहिला, हसून दुसऱ्यांदा शिक्का मारला आणि पावतीवर दोन बटाटे झाले.

म्हणून मंडळाला माझ्या काही विनंत्या आहेत. नवे चिन्ह एकाच रंगात, रबरी शिक्क्याच्या आकारात, साध्या कागदावर आधी उमटवून पाहावे. ते झेरॉक्स काढून, त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून पाहावे. बाजाराच्या दिवशी बँकेच्या दारात बसून शंभर खातेदारांना, नाव झाकून, जुने आणि नवे चिन्ह दाखवावे आणि ही कोणाची खूण आहे, एवढेच विचारावे. या चाचणीला चहापाण्याखेरीज खर्च येत नाही. सर्व शाखांच्या पाट्या अजून बदललेल्या नाहीत, तेव्हा वेळ गेलेली नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि कणसाचे सोपे केलेले रूप सभासदांपुढे ठेवावे, अशी लेखी मागणी मी सभासद या नात्याने केली असून, तिच्यासोबत कणसाची खडूने काढलेली तीन रेखाटनेही जोडली आहेत.

आपला,
एक निवृत्त पाटी-रंगारी,
जि. सांगली