वाळवीला अडीच ओळी?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, समूहाने राहणारे कीटक बुरशीला कसे पुरून उरतात यावरचा लेख वाचला. भाषा छान, तळमळ त्याहून छान. फक्त मुंग्यांना ‘कुटुंबवत्सल’ म्हणताना लेखकमहाशयांनी एक तपशील सोयीस्करपणे गाळला. कोषातल्या पिल्लाला बुरशीची लागण झाल्याचा वास लागला की कामकरी मुंग्या कोष फाडतात, पिल्लाला चावून भोके पाडतात आणि त्यांत फॉर्मिक आम्ल सोडतात. बुरशी मरते, पिल्लूही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मांडले आहे. असो वत्सल!

माझा खरा राग वाळवीला मिळालेल्या अडीच ओळींवर आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या देवघराच्या चौकटीला वाळवी लागली. पेस्ट कंट्रोलवाल्याने ‘जैविक आहे, एकदम सेफ’ म्हणत मेटारायझियम बुरशीची भुकटी फुंकली, वर्षाची हमी दिली आणि पैसे मोजून घेतले. उसातल्या हुमणी या अळीवर शेतकरी हीच बुरशी वापरतात, ते ठीक. बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचे सूक्ष्म बीज, किड्याच्या अंगाला चिकटतो, रुजतो, कातडी भेदून आत शिरतो. हुमणीला साफ करणारे कोणी नसते. वाळव्या मात्र एकमेकींना सतत चाटतात. बीजाणू रुजायच्या आत पोटात जातो आणि तिथे निकामी होतो. लाळेतही बुरशीविरोधी द्रव्ये असतात. मेलेलीला त्या पुरून टाकतात. एकटी ठेवलेली वाळवी जेवढ्या बीजाणूंनी मरते, तेवढ्यांत घोळक्यातली तगते, हे प्रयोगांत दिसले आहे. दिवाळीपर्यंत आमच्या चौकटीचा भुसा झाला. हमीचे विचारले तर उत्तर, “काका, तुमच्याकडे ओलच फार, औषध काय करणार?” बुरशीला ओल मानवते, हे त्याला मीच सांगायचे!

एवढे दोन परिच्छेद छापले असते तर चार वाचकांचे पैसे वाचले असते. त्याऐवजी शेवटी ‘आपणही एकोप्याने राहू या’. लेखकांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जरूर यावे. गच्चीच्या गळतीचा विषय दरवर्षी पुढच्या सभेवर ढकलला जातो. भिंतींवरची बुरशी तेवढी एकोप्याने वाढते आहे.

आणि त्या अडीच ओळींशेजारी छायाचित्र कोणाचे, तर मुंग्यांचे! वाळवी झुरळांच्या कुळातली, मुंगी मधमाशीच्या. पुरवणीत हे तपासायला कोणी नाही का? शब्दकोड्याची उत्तरेही हल्ली वेळेवर येत नाहीत, तेही बघावे.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे