पाण्याच्या नव्या वेळांबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : पाण्याच्या नव्या वेळांची कारणे सभासदांपुढे मांडण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

पाणीकपात असेपर्यंत ‘अ’ विंगला सकाळी तासभर आणि आमच्या ‘ब’ विंगला अर्धा तास पाणी, असे समितीने ठरवले. फलकावर चिठ्ठी लागली ती एवढीच : ‘वेळा बदलल्या आहेत, नोंद घ्यावी.’ कशाच्या आधारे ठरवले, कधीपर्यंत, याबद्दल चकार शब्द नाही.

आमची तक्रार कमी पाण्याची आहे, असा समज झालेला दिसतो. तसे नाही. ‘अ’ विंगमध्ये घरे जास्त आहेत, दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, वरच्या मजल्यांना दाब पुरत नाही. यासाठी तिकडे जास्त पाणी गेले तर आमच्याकडे कोणी हू की चू करणार नाही. पण कारण सांगितले नाही की माणसे आपापले कारण शोधतात. ‘समितीत सगळे अ विंगचेच’ हे आता जिन्यात उघड बोलले जाते. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला माझ्या हाती काहीच नाही. बोलणी मात्र व्हॉल्व्ह फिरवणारा वॉचमन खातो.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१२ मध्ये सहा ते आठ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग इथे सांगावासा वाटतो. त्यांना सांगितले की दुसऱ्या दोन मुलांनी सारखेच काम केले, बक्षिसाची खोडरबरे पाच. पाचव्याचे काय करायचे? बहुतेक मुले म्हणाली, टाकून द्या. पण एकाने जास्त काम केले आहे असे कळल्यावर तेच पाचवे खोडरबर त्यांनी त्याला दिले. कमी-जास्त वाटप एवढ्या लहान वयातही चालते, त्यामागचे कारण मात्र दिसावे लागते.

मानसशास्त्रज्ञ गेराल्ड लेव्हेंथाल यांनी १९८० मध्येच मांडले होते की निर्णय न्याय्य वाटायचा तर नियम सर्वांना सारखा हवा, माहिती अचूक हवी, ज्यांना झळ बसते त्यांचे ऐकलेले असावे आणि चुकलेला निर्णय बदलता यावा. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी कदाचित झाल्याही असतील. शेवटच्या दोन झालेल्या नाहीत.

तरी विशेष सभा बोलवावी, दोन्ही विंगमधील घरांची संख्या आणि टाकीची रोजची पातळी फलकावर लावावी, आणि वेळांचा फेरविचार कधी होणार ती तारीख जाहीर करावी. तोवर आम्ही अर्ध्या तासात भागवू.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, ‘ब’ विंग